दप्तर कुणी धरायचं

नाशिकच्या गंगापूर रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत शाळेचं फाटक आहे. साडेबाराच्या सुमाराला सकाळची शाळा सुटते, दुपारची भरते, आणि त्या पंधरा मिनिटांत गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. रिक्षा, स्कूटर, व्हॅन, ओल्या रेनकोटांचा वास, पानाच्या द्रोणात जांभळं घेऊन बसलेली बाई, आणि फाटकापाशी माना उंचावून उभे असलेले आजी-आजोबा. मूल दिसलं की पहिला हात जातो तो दप्तराकडे. मूल खांदा झटकतं, दप्तर मोठ्यांच्या खांद्यावर येतं, आणि मगच ‘डबा संपवलास का’ची चौकशी सुरू होते. जूनअखेरच्या एका दुपारी एका आजोबांनी असाच हात पुढे केला आणि त्यांच्या आठ वर्षांच्या नातीने दप्तराचे दोन्ही पट्टे घट्ट धरून ठेवले. “माझं आहे,” ती म्हणाली. “अगं दे, दमली असशील.” “पण माझं आहे ना!” आवाजात हट्ट नव्हता, राग तर नव्हताच. नियम सांगावा तसं तिने सांगितलं. आजोबांचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला.

तो हात डोळ्यांसमोरून जाईना.

मुलगी जपानहून आलेली. मार्चमध्ये तिथली दुसरी संपवून जूनमध्ये इथल्या तिसरीत बसलेली. दप्तरही तिथलंच, तपकिरी, पेटीसारखं ताठ, त्या सगळ्या मऊ निळ्या-काळ्या दप्तरांत लांबूनही ओळखू येणारं. मराठीत ‘माझं आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला मालकी ऐकू येते, म्हणजे ‘हात लावू नका’. तिला म्हणायचं होतं की हे उचलणं माझ्याकडे आहे. तिकडे लहान मुलांच्या कानावर एक वाक्य सतत पडत असतं : ‘जिबुन नो कोतो वा जिबुन दे’, आपलं आपण करायचं. तिने त्या वाक्याचा अर्धाच भाग मराठीत आणला, आणि आजोबांपर्यंत पोचला तो नेमका दुखणारा अर्धा.

त्या दप्तराचं नाव रांदोसेरु. मूळ डच शब्द ‘रान्सेल’, सैनिकाच्या पाठीवरची पिशवी. १८८० च्या दशकात टोकियोच्या गाकुशुइन शाळेत ती मुलांच्या पाठीवर आली आणि तिथून देशभर पसरली. पहिलीत घेतलेलं दप्तर सहावीपर्यंत पुरवायचं असतं, म्हणून ते इतकं दणकट. कडा न वाकणाऱ्या, झाकण पाठीमागून पूर्ण खाली येणारं, पट्ट्याला धोक्याची शिटी अडकवायला कडी, बाजूला डब्याच्या नाहीतर बुटांच्या पिशवीसाठी हूक, आणि वरती मधोमध एक छोटी आडवी मूठ, खुंटीला टांगायला किंवा उचलून ठेवायला. रिकामं असतानाच ते सव्वा किलोच्या आसपास भरतं. आपल्याकडे २०२० च्या दप्तर धोरणाने पहिली-दुसरीच्या भरलेल्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो ठरवलं आहे, मुलाच्या वजनाच्या एक दशांशाच्या हिशोबाने. त्या मापात पाहिलं तर रांदोसेरु रिकामंच निम्मी मर्यादा खाऊन बसतं. तिकडेही ही कुरकुर आहे, आणि २०१८ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाला शाळांना कळवावं लागलं की घरी न लागणारी पुस्तकं वर्गातच ठेवू द्या. तेव्हा ‘तिकडे ओझं नाही, इकडे ओझं’ हे खरं नाही. ओझं दोन्हीकडे आहे. ते कुणी उचलायचं याची सवय वेगळी.

आणि ही सवय मुलाला एकटं सोडून लागत नाही. जपानी मुलांचं स्वावलंबन आपण व्हिडिओत पाहतो. सहा वर्षांचं पोर एकटं चाललंय, एकटं जेवण वाढतंय. पण त्यामागे मोठ्यांनी किती तयारी केलेली असते हे व्हिडिओत दिसत नाही. पहिलीत गणिताचा एक डबा मिळतो. त्यात मोजायचे ठोकळे, चपट्या रंगीत गोट्या, अंकांची कार्डं, खेळण्यातलं घड्याळ. त्यातल्या प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव हवं. डब्यावर नव्हे, प्रत्येक ठोकळ्यावर, प्रत्येक गोटीवर. नखाएवढ्या चिकटपट्ट्यांवर हिरागाना लिपीत नाव काढायचं आणि चिमट्याने चिकटवायचं. पेन्सिली, रंगखडू, त्यांची टोपणं, शाळेत घालायचे पांढरे बूट, सगळ्यावर नाव. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिकडच्या मराठी आया रात्री बारापर्यंत हेच करत बसतात. शिवाय जुन्या टॉवेलचे शिवून घेतलेले दोन पोछे द्यायचे, एक लादीला, एक बाकाला. वर्गात गोटी पडली की ती कुणाची हे मुलालाच कळतं आणि मूलच ती उचलतं. बाईंनी विचारावं लागत नाही.

रस्त्याचंही तसंच. शाळेने प्रत्येक घरापासूनचा मार्ग ठरवून दिलेला असतो. अनेक गावांत आळीतली मुलं ठरलेल्या कोपऱ्यावर जमतात, सहावीतलं मूल पुढे, पहिलीतली पोरं मध्ये, आणि रांग निघते. पहिलीच्या दप्तरावर पिवळं आवरण, डोक्यावर पिवळी टोपी, म्हणजे गाडीवाल्याला लांबूनच कळावं की हे नवखं आहे. चौकात पालक पाळीपाळीने झेंडा घेऊन उभे राहतात. वाटेतल्या काही घरांवर नि दुकानांवर पाटी असते की घाबरलात, हरवलात तर इथे या. म्हणजे मूल एकटं चालतं ते या इतक्या लोकांच्या नजरेतून.

त्या फाटकातून बाहेर पडून गल्लीच्या तोंडापर्यंत चालून पाहिलं की आजोबांचा हात समजतो. फूटपाथ जिथे आहे तिथे त्यावर रसवंतीचं गुऱ्हाळ आहे, पुढे उघडा चेंबर, मग उभ्या केलेल्या दुचाकी. मुलाला उतरावं लागतं ते थेट डांबरावर, आणि उलट्या बाजूने येणारी स्कूटर त्याच्या कोपराला लागून जाते. इथे आजोबांचा हात हाच फूटपाथ आहे. आजोबा ज्यांना नाहीत त्यांना रिक्षावाले काका आहेत. चालकामागे आडवी फळी टाकलेली, बाहेर हुकांना टांगलेली आठ-दहा दप्तरं, आणि त्या कोंबाकोंबीची काळजी वाटावी असंच ते दृश्य. पण त्याच काकांना ठाऊक असतं की कुणाची आई आज बँकेतून उशिरा येणार, कुणाची किल्ली शेजारच्या वहिनींकडे आहे, कुणाला वळणावर उलटी होते म्हणून कडेला बसवायचं. जपानच्या त्या नकाशावरच्या मार्गात हे नाही. सुरक्षितता तिथे रस्त्यात बांधून काढली आहे. इथे ती माणसांत आहे, आणि माणूस नसला त्या दिवशी मूल उघड्यावर असतं.

जेवणाची सुट्टी हा दुसरा मोठा फरक. तिकडे डबा नाही, शाळेचंच जेवण, सगळ्यांना एकच. आठवड्याची पाळी लागलेली मुलं पांढरा झगा, टोपी, मास्क चढवून स्वयंपाकघरातून गाडा आणतात, सूप आणि भाताची पातेली वर्गात मांडतात आणि वाढतात. २०० मिली दूध प्रत्येकाला. बाई त्याच वर्गात, तेच जेवतात. ‘इतादाकिमास’, म्हणजे जेवणाआधीचे आभार, म्हणेपर्यंत कुणी घास उचलत नाही. शुक्रवारी झगा घरी येतो, तो धुऊन इस्त्री करून सोमवारी पुढच्या पाळीच्या मुलाला द्यायचा. हे सगळं १९५४ च्या कायद्यावर उभं आहे. आपल्या घरांची अडचण होते ती सुपात. दिसायला भाज्यांचंच, पण त्याचं पाणी बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या कापांचं असतं. म्हणून शाकाहारी घरं महिन्याचं पत्रक आलं की आहारतज्ज्ञ शिक्षिकेबरोबर बसून एकेका दिवसावर खूण करतात. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी घरून डबा. वर्गात पस्तीस ताटं सारखी आणि एक डबा वेगळा, हे सात वर्षांच्या मुलाला जड जातं. आणि तेच मूल नाशिकला आलं की उलटं बावरतं, कारण इथे प्रत्येकाचा डबा वेगळा, आणि झाकण उघडताक्षणी शेजारचा हात त्यात. ‘दे ना एक घास’ हे इथे मैत्रीचं पहिलं वाक्य असतं. पोळीचा रोल, लिंबाच्या लोणच्याचा डाग पडलेला रुमाल, थालीपिठाचा वास. आई दुपारी शाळेत येऊन गेल्यासारखी असते. एकसारख्या ताटात जी समानता आहे, ती ह्या वाटावाटीत नाही. ही वाटावाट त्या ताटात नाही. दोन्ही एकदम हवं असं वाटत राहतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र हे ताट आहे. पेठ, सुरगाण्याकडच्या शाळांत दुपारी खिचडीची ओळ बसते, पहिली ते पाचवीसाठी माणशी १०० ग्रॅम धान्याच्या हिशोबाने. जेवून मुलं आपली ताटली आपण नळावर विसळतात, वर्ग झाडतात, झाडांना पाणी घालतात. कुणी त्यांचा व्हिडिओ काढून ‘बघा, किती शिस्त’ असं लिहीत नाही. शहरातल्या पालकाला जपानच्या मुलाने फरशी पुसलेली कौतुकाची वाटते. आपल्या मुलाच्या हाती शाळेत झाडू दिसला तर तोच पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो.

ह्या रागाला साधा नखरा म्हणून बाजूला सारता येत नाही. जपानी शाळेत रोज पंधरा-वीस मिनिटं सफाई असते, आणि ती टिकते कारण भिंतीवर पुठ्ठ्याची दोन चकत्यांची तबकडी असते. आतल्या चकतीवर गट, बाहेरच्या चकतीवर कामं : वर्ग, जिना, हात धुण्याची मोरी, बऱ्याच शाळांत संडाससुद्धा. ठरलेल्या दिवशी चकती एक घर पुढे सरकते. बाकं मागे ढकलायची, झाडायचं, पिळलेल्या पोछ्याने एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत रांगत जायचं, बाकं पुढे, मग मागचा अर्धा वर्ग. बाईही पोछा घेऊन त्यांच्यात. चकती कुणाचं आडनाव वाचत नाही. आपल्याकडे झाडूला आडनाव आहे. ज्या गावात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारातून आत जाण्याच्या हक्कासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला, त्या गावात ‘मुलांनी झाडावं’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या मुलांनी? तो आलाच पाहिजे. हे बिघडतं तेही ठरावीक ठिकाणीच. उशिरा आलेल्याला शिक्षा म्हणून झाडू दिला की काम तिथेच संपलं, कारण झाडणं म्हणजे अपमान हे शाळेनेच शिकवलं. मुलींना वर्ग आणि मुलांना बाक उचलणं वाटून दिलं की संपलं. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवरच्या मुलांकडेच नजर गेली की संपलं. संडास तबकडीतून वगळला आणि त्यासाठी कुणा मावशींना ठेवलं, तर उरलेलं सगळं नाटक. तबकडीवर प्रत्येक नाव हवं, शिक्षकांचंही, आणि प्रत्येक काम हवं. गाडगेबाबांची धर्मशाळा या शहरात आहे. खराटा आधी स्वतःच्या हातात घ्यायचा, हे आपल्याला जपानकडून शिकण्याची गरज नव्हती. आपण ते फोटोला हार घालून ठेवून दिलं.

पाढ्यांपाशी आलं की मात्र दोन्ही देश अचानक एका ओटीवर बसल्यासारखे वाटतात.

जपानी पाढ्यांना ‘कुकु’ म्हणतात, म्हणजे नऊ-नऊ. दुसरीत शिकवतात, नऊ नव्वे एक्क्याऐंशीला थांबतात, दहाचा पाढा नाहीच. सुरुवात बेने होत नाही, पाचाने होते. मग दोन, तीन, चार, त्यानंतर सहा ते नऊ, आणि एकाचा पाढा सगळ्यांत शेवटी, कारण एकाने गुणणं म्हणजे काय हे समजायला खरंतर अवघड. ऐकताना ओळख पटते ती लयीमुळे. ‘नि इचि गा नि, नि निन गा शि, नि सान गा रोकु, नि शि गा हाचि’, आणि पुढे ‘नि गो जू’. उत्तर एक अंकी असेपर्यंत मध्ये ‘गा’ येतो, दोन अंकी झालं की गळतो, म्हणजे ठेका ढळत नाही. आपल्या दुणे, त्रिक, चोक, पंचे या शब्दांचं काम हेच. एरवीच्या बोलण्यात ते येत नाहीत, पाढ्याच्या चालीपुरतेच जिवंत राहतात. तिकडेही आठाला एरवी ‘हाचि’ म्हणणारं मूल पाढ्यात ‘हाप्पा रोकुजूशि’, आठी आठी चौसष्ट, म्हणतं. दोन्हीकडच्या आज्यांना मान डोलावता येईल असं हे गणित.

फरक पुढे पडतो. जपानी मूल कडीत ओवलेली कार्डं घेऊन बाईंपुढे उभं राहतं आणि प्रत्येक पाढा तीन प्रकारे म्हणतं : चढता, उतरता, आणि ‘बाराबारा’, म्हणजे कुठूनही. तिसऱ्याला शिक्का मिळाला की पाढा झाला. आपल्याकडे चढत्यावर शाबासकी मिळते आणि विषय संपतो. म्हणून भागाकारात ‘सात आठी’ हवं झालं की मूल मनात ‘सात एके सात’पासून गाडी सोडतं आणि छप्पन्नपर्यंत पोचेस्तोवर हातचा विसरतं. हे घरी दुरुस्त करता येतं. पोस्टकार्डाचे तुकडे, एका बाजूला ७ × ८, मागे ५६, रोज दहा, पिसून. उलट आपल्याकडे जे होतं ते त्यांच्याकडे नाही, अपूर्णांकांचे पाढे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतिनाची औटकी. भाजीबाजारात अजूनही एखादी मावशी पाऊण किलोचा हिशोब तोंडी करते तेव्हा कॅल्क्युलेटर काढणारं गिऱ्हाईक मागे पडतं. आपण पावकी सोडली आणि त्या जागी अपूर्णांकाची भीती ठेवली.

तिसरीत आलेल्या त्या मुलीसारख्या मुलांचं घोडं खरं अडतं ते संख्यांच्या नावांवर. जपानीत एक ते दहा ही नावं आली की नव्याण्णवपर्यंत मोजता येतं. ‘गो-जू-क्यू’, पाच-दहा-नऊ, झालं एकोणसाठ. मराठीत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव. बाई ‘एकोणसाठ’ म्हणतात, मुलाला ‘साठ’ ऐकू येतं, हात आधी ६ लिहितो आणि वहीत ६९ नाहीतर ६१ उमटतात. याच अडचणीसाठी बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली आणि मोठा वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलाला पायरी दिली आहे. त्यांचं म्हणणं किती खरं होतं हे तिकडून आलेल्या मुलाबरोबर आठवडाभर बसलं की कळतं. पहिला महिना ‘पन्नास नऊ’ म्हणू द्यावं, लिहिणं चुकत नाही. मग एकोणवाल्या संख्या एका ओळीत मांडाव्यात, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, आणि ‘एक कमी’ ही युक्ती दाखवावी. नव्याण्णवशी मोडते तेही आधीच सांगावं. बाकीचं बाजार शिकवतो. ‘कोथिंबीर बावीसला’ हे दहा वेळा कानावर पडलं की बावीस कायमचा बसतो.

लिपीत उलट सोय आहे. जपानी अक्षरमाला क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने जाते, आणि आपली क, च, ट, त, प, मग य, र, ल, व. हे योगायोगाने झालेलं नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून तो क्रम तिकडे रुजला. त्या मुलांना बाराखडी परकी वाटत नाही. अडखळतात ती ल आणि र, ख आणि क, ळ आणि जोडाक्षरं. शिवाय कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, वरून खाली लिहायची सवय असल्याने ती शिरोरेषा आधी काढतात आणि अक्षरं तिला लटकवतात. आपल्या बाई म्हणतात शेवटी काढ. वळण नीट असेल तर यावरून ओरडू नये.

हे सगळं मांडताना तराजूचा एक काटा जपानकडे झुकतोय असं वाटलं, तर दुसरं पारडंही बघायला हवं. तिथल्या प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांत वर्षात तीस किंवा जास्त दिवस शाळेत न गेलेली मुलं २०२३-२४ मध्ये ३ लाख ४६ हजारांवर होती. आजारपण किंवा गरिबी हे कारण धरलेलं नाही, शाळेत पाऊल टाकवत नाही म्हणून न गेलेली. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने, एकाच रंगाची टोपी घालायची, यात बहुतेकांना आधार मिळतो आणि काहींचा श्वास कोंडतो. आपल्या पन्नास-साठ मुलांच्या गोंगाटी वर्गात वेगळं मूल लपून तरी राहतं. कुणी खिडकीत बसून चित्रं काढतं, कुणी मधल्या सुट्टीत शिपाईकाकांशी गप्पा मारतं, आणि घरी आजी विचारते, “आज गप्प का गं?” हा प्रश्न विचारणारं माणूस घरात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण आपण लाडाने हातातलं सगळं काढून घेतो, बुटाची नाडी, पाण्याची बाटली, दप्तर, आणि मग दहावीला ‘जबाबदारी कळत नाही’ म्हणून रागावतो. आठव्या वर्षी पट्टा सोडवून घेतला होता, ते मधे कुणालाच आठवत नाही.

जुलैत पाऊस लागला. त्या गल्लीत गुडघाभर नाही तरी घोट्यापर्यंत पाणी साचलं, जांभळंवाली उठून गेली आणि तिच्या जागी कणसं भाजणारा आला. साडेबाराला ती दोघं फाटकातून निघताना पुन्हा दिसली. आजोबा रस्त्याच्या बाजूने, मुलगी भिंतीच्या बाजूने. तपकिरी दप्तर तिच्याच पाठीवर होतं, दोन्ही पट्टे खांद्यावर. आजोबांनी मागून दप्तराची वरची छोटी मूठ धरली होती आणि खड्डा आला की ती किंचित वर उचलत होते, तिला कळेल न कळेल इतकीच. ती मोठ्याने काहीतरी मोजत चालली होती. चाळीसच्या पुढे अडली, मागे वळून न पाहता थांबली, आणि आजोबांनी मूठ न सोडता सांगितलं, “एकोणपन्नास.”